तारीख राहिली होती, काका

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचेल याची खात्री नाही. मोबाइलवर तुम्ही फोन घेता आणि पंचांग बघता, बाकी काही नाही. तरी चारचौघांत लिहितेय, कारण मी जे केलं होतं तेही चारचौघांत सांगायचं राहिलंय. काल जुन्या फायलीत त्या इन्स्पेक्शन रिपोर्टची, म्हणजे माल तपासून मापं लिहितात त्या कागदाची, झेरॉक्स सापडली.

भोसरीत तुमच्या हाताखाली येण्याआधी मी एका मोठ्या कंपनीत होते. नाव नको. तिथे शिरताच भिंतीवर हातभर उंचीच्या अक्षरांत 'सचोटी' लिहिलेलं. एकदा आम्हाला हॉटेलात नेऊन मूल्यांची कार्यशाळा घेतली. चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे दिले, 18 जगण्याच्या ध्येयांच्या, 18 वागण्याच्या रीतींच्या, आणि म्हणाले, महत्त्वाप्रमाणे क्रम लावा. (ही यादी मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञाची, 1973 ची, हे मला खूप उशिरा कळलं. बिचाऱ्याने ती माणसं समजून घ्यायला केली होती, जेवणाआधीचा वेळ काढायला नव्हे.) मी प्रामाणिकपणा सगळ्यात वर ठेवला, आज्ञाधारकपणा तळाला. टाळ्या पडल्या.

सोमवारी साहेब म्हणाले, "लॉट आज जायचाय, आकडे बसव." बसवले. 20 जॉब, म्हणजे तयार झालेले भाग, मोजायचे तिथे 5 मोजायचे, उरलेले 15 मनाने भरायचे. हात इतका बसला की माझे रिपोर्ट देखणे म्हणून इतरांना दाखवायचे.

तीच सवय घेऊन मी तुमच्याकडे आले. तुम्हाला ते कधी कळलं, मला अजून माहीत नाही. खरे आकडे एवढे सुबक कधी येत नाहीत, त्यावरूनच ओळखलं असणार.

त्या दुपारी टेम्पो भरून उभा होता आणि तुमच्या लक्षात आलं की तुमचा मायक्रोमीटर, ज्याने आपण भागांची बारीक मापं घ्यायचो तो, मिटवल्यावर शून्यावर येत नाहीये, 0.02 दाखवतोय. सकाळपासूनची मापं गेली. टेम्पो उतरवला, मालक ओरडले, ते सगळं सोडते. मला आठवतो तो तुमचा हात. व्हाइटनर टेबलावर होता. नवा कागद घेऊन सगळं पुन्हा लिहिता आलं असतं, कुणी विचारलंही नसतं. तुम्ही स्वतःच्या चुकलेल्या प्रत्येक आकड्यावर एकच सरळ रेघ मारलीत, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी खरा आकडा, सही, तारीख. घाई नाही, लाज नाही. हिशेबाच्या वहीत दूधवाल्याचा खाडा मांडावा तसं.

मग माझा आदल्या दिवशीचा रिपोर्ट माझ्यापुढे सरकवलात. त्यावर तुमचं पेन ठेवलंत, टोपण काढून. "मी चहा घेऊन येतो," म्हणालात आणि बाहेर गेलात.

तुम्ही समोर बसून राहिला असतात तर मी नक्की खोटं बोलले असते, काका. आधीचे सगळे समोरच बसायचे. टोपण काढलेलं ते पेन आणि रिकामी खुर्ची यांनी मला जे दाखवलं ते त्या कार्यशाळेला जमलं नाही. प्रामाणिकपणा माझ्यात नव्हताच असं नाही. पण साहेबांच्या कपाळावर आठी पडू नये हे मला त्याहून मोलाचं वाटत होतं. गठ्ठा तोच होता, फक्त मी लावलेला क्रम आणि जगत असलेला क्रम उलटे होते. घरीही तेच, सासरीही तेच. 'हो' म्हणण्यात माझी निम्मी वर्षं गेली होती आणि मी त्याला चांगुलपणा समजत होते. लगेच सुधारले असं नाही. पुढची नोकरी मी या 'नाही'पायीच घालवली, तेव्हा तुमचा थोडा रागही आला होता.

चांगली माणसं आवाज करत नाहीत, म्हणून ती कमी आहेत असं वाटतं. तुमच्यासारखे शॉपफ्लोअरवर कितीतरी असतील, भिंतीवर त्यांचा फोटो लागत नाही इतकंच.

झेरॉक्समध्ये काल मोजल्या. 15 रेघा. पहिली वाकडी आहे, सहाव्या-सातव्यापासून सरळ होत गेल्यात. तुम्ही दोन कप घेऊन आत आलात, कागद उचललात, वरपासून खालपर्यंत वाचलात. मी खाली बघत होते. कप माझ्याकडे सरकवून तुम्ही एवढंच म्हणालात, "सहीखाली तारीख राहिली, पोरी. तेवढी टाक."

तुमची,
कोपऱ्यातल्या टेबलावरची