बंधाऱ्याचे बर्गे कधी काढले, तेही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पाऊस लागला की आपल्या पानांवर दोन फोटो हमखास येतात. एकात पुढारी मंडळी प्लास्टिकच्या पिशव्यांतून नदीत मत्स्यबीज सोडत असतात, दुसऱ्यात लोक बंधाऱ्याखाली गुडघाभर पाण्यात उभे राहून चढणीचे मासे धरत असतात. या दोन फोटोंचे एकमेकांशी नाते आहे. ते कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

मी कराडच्या खालच्या अंगाला कृष्णाकाठी ऊस करतो. चढणीचे मासे मीही धरले आहेत. मृगाचे पहिले लाल पाणी आले की मासा उलटा फिरतो आणि ओढ्यांच्या, उपनद्यांच्या तोंडाकडे चढू लागतो. आमच्या घरी गाबोळीचा, म्हणजे माशाच्या पोटातल्या अंड्यांचा, तुकडा कुणाच्या ताटात जाणार यावरून भांडणे होत. गाबोळी खातो म्हणजे पुढच्या सालचा मासा खातो, हे कळत नव्हते असे नाही. पण मासाच इतका असे की कुणाला त्याचे काही वाटत नसे.

मासा चढतो तो अंडी घालायला. महसीरसारख्या जातीला त्यासाठी गोट्यांचा, जाड वाळूचा उथळ पट्टा आणि वरून खळाळते पाणी लागते. तिची अंडी तरंगत नाहीत, तळाला जाऊन गोट्यांच्या फटीत बसतात. वाहत्या पाण्यातून त्यांना हवा मिळते. वर गाळ साचला की ती गुदमरतात आणि पाणी उतरले की उघडी पडून वाळतात. बाहेर यायला त्यांना तीन-चार दिवस पुरतात, पण तेवढे दिवस तरी नदी धड वाहायला हवी.

उलट चिलापी (तिलापिया) बघा. तिची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. पाळणाच बरोबर असल्यावर तिला गोट्यांशी काय देणेघेणे? उजनीपासून आमच्या डोहापर्यंत चिलापी का माजली, याचे निम्मे उत्तर इथेच आहे.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने छापली. त्या वेळी त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावांत घातली : खुद्री, कोळस, मुसुल्ला, संदखोल. जगभरचे शास्त्रज्ञ आज ही नावे घेतात. आमच्या गावात मात्र पंचविशीतल्या पोराला कोळस ओळखता येत नाही. धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत कोळस असुरक्षित आहे, मुसुल्ला आणि संदखोल त्याहून अधिक धोक्यात. खुद्री, म्हणजे आपला दख्खनी महसीर, त्या मानाने बरा आहे. त्याची पैदास लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटा पॉवरने १९७० च्या दशकापासून केली आणि पिल्ले देशभर गेली. कोळसाला असा वाली मिळाला नाही.

मग कोळसाचीही पिल्ले वाढवून सोडावीत? इतके सोपे ते नाही. लोणावळ्याची पिल्ले कावेरीतही सोडली गेली. तिथे मूळचा, पाठीवर कुबड असलेला, पन्नास किलोच्या पुढे जाणारा महसीर होता. आपला पाहुणा तिथे फोफावला आणि घरचा मालक मागे पडला. २०१८ मध्ये त्या कावेरीच्या महसीराची नोंद अतिधोक्यातील जात म्हणून झाली. धरणे, वाळूउपसा, मासे मारायला लावलेले सुरुंग ही कारणेही होतीच, पण चांगल्या हेतूने सोडलेले बीजही त्यात मोजावे लागते. आमच्याकडच्या फोटोंतल्या पिशव्यांत तर बहुधा रोहू, कटला, मृगळ असतात, मुख्यतः उत्तरेकडच्या नद्यांतले. ते खायला मिळतील, पण त्याला नदी वाचवणे म्हणू नये.

वाळूबद्दल बोलायला मला थोडी लाज वाटते, कारण माझ्या घराचा स्लॅबही नदीच्याच वाळूचा आहे. पावसाळ्यात उपसा बंद असतो, असे सांगितले जाते. पण मे महिन्यात उचलून नेलेले अंथरूण जुलैत कुठून येणार? जिथे गोट्यांचा उतार होता तिथे आता खड्डे आहेत आणि त्यात गाळ.

दुसरे पाण्याचे. जुलैत धरण भरायचे असते म्हणून खाली सोडायचे पाणी आखडते, नंतर दारे उघडली की हजारो क्युसेक एकदम येतात. अंड्यांना या दोन्हींच्या मधले, सलग पाणी हवे असते. साखर कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल आपण पुष्कळदा छापता, ते इथे उगाळत नाही.

आणि कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. त्यांची रचनाच अशी की पावसाळ्याच्या तोंडाला बर्गे, म्हणजे पाणी अडवायला गाळ्यांत बसवलेल्या फळ्या, काढायचे आणि पाऊस सरल्यावर घालायचे. वेळेत काढले तर मासा गाळ्यांतून पार होतो. पण पुढे पाणी पुरेल की नाही या धास्तीने ते आठ-पंधरा दिवस उशिरा निघाले, तर पहिल्या लोंढ्याचा मासा भिंतीशी येऊन थटतो. फेकजाळे घेऊन आम्ही तिथेच उभे. धास्ती आमचीच असते, हेही कबूल करतो. मोटार कोरडी पडू नये म्हणून बर्गे राहू द्या, असे सांगायला जाणाऱ्यांत एके वर्षी मीही होतो.

आपल्याकडे देवाचे डोह आहेत. महाडजवळची वाळणकोंडी, वैतरणेवरचे तिळसे. तिथल्या माशाला कुणी हात लावत नाही. रीत मोलाची आहे, पण डोह ही माशाची राहायची जागा. अंडी घालायची जागा बऱ्याचदा वर, उथळ उतारावर असते. तिथे ना देव ना गुरव. २०२१ मध्ये राज्य सरकारने आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराचा परिसर, बोटभर लांबीच्या एका माशासाठी, जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केला. हिरण्यकेशीचे पाणी घटप्रभेतून शेवटी कृष्णेलाच मिळते. मग कृष्णा-कोयनेवरचे विणीचे चार-दोन पट्टे का नाहीत? ते कुठे आहेत हे नदीत मासे धरणाऱ्या जुन्या भोयांना ठाऊक आहे. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीने त्यांना विचारून नोंदवहीत लिहावे आणि तेवढा तुकडा वाळूच्या लिलावातून वगळावा. पहिल्या पाण्यापासून दोन महिने बंधाऱ्याखाली जाळे टाकू नये, हेही गावानेच ठरवावे. समुद्रात जून-जुलैची मासेमारी बंदी कोळी बांधव पाळतात, मग आम्हाला काय झाले?

आपल्याकडून एकच अपेक्षा. पावसाळ्यात धरणांचा पाणीसाठा आणि विसर्ग आपण रोज चौकटीत छापता. जूनमध्ये त्याच चौकटीत एक ओळ वाढवा : कोणत्या बंधाऱ्याचे बर्गे कोणत्या तारखेला निघाले. आमच्या बंधाऱ्याची तारीख मी स्वतः कळवीन.

आपला,
कृष्णाकाठचा एक शेतकरी,
ता. कराड, जि. सातारा