कॅम्पातल्या शेठना, आम्हा कोल्हापूरकडच्या चित्रकारांकडून

आदरणीय शेठ,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या हॉटेलातलं आमच्या चित्रांचं प्रदर्शन संपवून निघताना तोंडावर आभार मानायला आले, तेव्हा तुम्ही "चहा घेणार ना?" म्हणून विषयच बदललात. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि तेही उघड, चारचौघांनी वाचावं असं. तुमचं किंवा हॉटेलचं नाव यात घालत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही हे एवढ्या सहवासात कळलं आहे. पुण्याच्या कॅम्पातलं कोपऱ्यावरचं जुनं इराणी हॉटेल, संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, गल्ल्याशेजारी बिस्किटांच्या बरण्या आणि आजोबा इराणातल्या यज्दहून आले होते असं सांगणारे शेठ, एवढं पुरे. ओळखणारे ओळखतील.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही काय काय पाहिलं होतं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते. आमच्या गटात कुणी शाळेत चित्रकला शिकवतं, कुणी यंत्रमागावर काम करून सुट्टीच्या दिवशी जलरंग घेऊन पंचगंगेच्या घाटावर बसतं, कुणाचं शेत आहे, कुणाचं दुकान. एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या कलादालनाने प्रदर्शनासाठी आमच्याकडून आधी पैसे भरून घेतले. मग निमंत्रणपत्रिकेवर तिघांची नावं छापली आणि पुढे लिहिलं, "आणि इतर". उद्घाटनाला आलेले पाहुणे समई लावून, फोटो काढून दहा मिनिटांत गेले. एकाही चित्रासमोर थांबले नाहीत. आमच्यातल्या पेंटरदादांचं चित्र विजेच्या मीटरशेजारच्या बोळात लावलं होतं. विचारलं तर उत्तर मिळालं, "जागा मिळाली हेच समजा." दुसऱ्या एका सल्लागार गृहस्थांनी फी घेतली आणि सल्ला दिला की निसर्गचित्रं आता कोण घेतं, जरा अमूर्त करा. चित्रकार आबालाल रहमान यांनी ज्या कोल्हापुरात रंकाळा आणि कोटितीर्थ या तळ्यांवर बसून रंग लावले, तिथल्या माणसांना हे ऐकावं लागलं. तो राग अजून गेलेला नाही, आणि तो गेला असं खोटं मला लिहायचंही नाही.

तशा मनःस्थितीत आम्ही तुमच्याकडे चहाला बसलो होतो. चित्रांचा गठ्ठा खुर्चीला टेकवून ठेवला होता. तुम्ही गल्ल्यावरून उठून आलात आणि विचारलंत, "यात काय आहे?" आम्ही सांगितलं. तुम्ही म्हणालात, "बघू." मग जे केलंत ते मला अजून दिसतं. आधी फडक्याने टेबल पुसलंत. मग आतून दुसरं, कोरडं फडकं आणून तेच टेबल पुन्हा पुसलंत. संगमरवरावर हात फिरवून ओल राहिली नाही ना ते पाहिलंत, आणि मगच म्हणालात, "आता ठेवा." कागदाला पाणी चालत नाही हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. नुसती समोरच्याच्या वस्तूची कदर होती.

पुढचं कसं ठरलं ते लिहीत बसत नाही. भाडं नाही, विक्रीत वाटा नाही, तुमच्या वडिलांनी बसवलेल्या लाकडी तावदानांना खिळा मारायचा नाही, एवढीच बोलणी झाली. वरच्या लाकडी पट्टीवरून दोऱ्या सोडून चित्रं टांगली. टांगताना मात्र तुम्ही आम्हालाच एक गोष्ट शिकवलीत. दालनात माणूस उभा राहून बघतो, म्हणून चित्र उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावायचं, हे आमच्या हाताला बसलेलं. तुम्ही म्हणालात, इथे माणूस बसलेला असतो. मग तुम्ही स्वतः एकेका खुर्चीवर बसून बघितलंत. कुठे काचेवर ट्यूबलाइट चमकते, कुठे समोरच्या आरशात अर्धंच चित्र दिसतं, कुठे खांब आड येतो. दोऱ्या वीतभर खाली घेतल्या. एका भिंतीवरची ट्यूब काढून तिथे पिवळा दिवा लावलात. त्या दिव्याखाली आमच्या गुऱ्हाळाच्या चित्रातला काहिलीचा धूर पहिल्यांदा धूर वाटला.

पण शेठ, हे सगळं मान्य करूनही पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. कारण तो फळा आहे.

दाराशी तुमचा काळा फळा असतो. त्यावर रोज सकाळी खडूने लिहिलेलं असतं, आज काय खास: खिमा, अंडा घोटाला, मावा केक. प्रदर्शन सुरू झालं त्या दिवशी सकाळी तुम्ही तो फळा पुसलात आणि आम्हाला म्हणालात, "रोज एकाचं नाव लिहिणार. आज कोण?" आम्ही सगळ्यांनी पेंटरदादांकडे बोट दाखवलं. तुम्ही त्यांना पूर्ण नाव विचारलंत. तालुक्यात त्यांना सगळे पेंटरदादाच म्हणतात. पूर्ण नाव आहे ते रेशनकार्डावर आणि मतदार यादीत. त्यांनी हळू आवाजात सांगितलं. तुम्ही म्हणालात, "वडिलांचं नाव पण सांगा. आणि गाव. गाव पाहिजेच." गावाच्या नावातलं जोडाक्षर तुम्हाला जमेना, तेव्हा खडू खाली ठेवून तुम्ही त्यांना विचारलंत, "हे कसं लिहायचं, दाखवा. मला चुकवायचं नाही." त्यांनी टेबलावर बोटाने काढून दाखवलं. तुम्ही फळ्यावर लिहिलंत: आजचे चित्रकार, मग नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका, जिल्हा.

हे त्यांच्यासाठी काय होतं ते तुम्हाला सांगायलाच हवं. पेंटरदादांनी उभा जन्म दुसऱ्यांची नावं रंगवली. किराणा दुकानं, दवाखाने, तालमी, शाळांच्या भिंती, ट्रकच्या पाठी, निवडणुकीच्या घोषणा. खडू लावलेली दोरी दोघांनी ताणून धरायची, टिचकी मारून ओळ पाडायची आणि त्या ओळीवर एनॅमलने अक्षर बसवायचं. त्यांच्या अक्षराला फूटपट्टी लावावी लागत नाही. मग फ्लेक्स आला. रंगवायला जे काम दोन दिवस घेई, ते तासाभरात छापून मिळू लागलं, आणि तेही स्वस्तात. आमच्या भागातल्या बोर्ड रंगवणाऱ्यांची कामं एकेक करत गेली. दादांनी ब्रश सोडला नाही, ते निसर्गचित्रांकडे वळले. पण हजारो पाट्या रंगवणाऱ्या या माणसाचं स्वतःचं नाव कुठल्या पाटीवर आलं नव्हतं. आलं ते "इतर" म्हणून.

तुमची ओळ शेवटाकडे वर चढली होती. जिल्ह्याचं नाव कडेला दाटीवाटीने बसलं होतं. तुमचा वेटर दादांना म्हणाला, "तुमचं अक्षर छान आहे, तुम्हीच नीट लिहा ना परत." वाकडी ओळ बघवत नाही असा हा माणूस. ते म्हणाले, "राहू दे. त्यांनी लिहिलंय." दिवसभर आत-बाहेर करताना ते त्या फळ्यापाशी थांबत होते. संध्याकाळी त्यांनी घरी फोन लावला आणि फळ्यावरचं सगळं वाचून दाखवलं, पार जिल्ह्यापर्यंत.

त्यानंतर रोज एकेकाचं नाव आलं. माझंही आलं, माझ्या वडिलांच्या नावासकट. मी काही बोलू शकले नाही, तेव्हाचं बोलणं हे इथे आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्यामुळे झाली, जी कुठल्याही दालनात झाली नसती. नरसोबाच्या वाडीच्या पुराचं चित्र होतं ना, दाराजवळच्या टेबलावरचं? कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचं ते दत्ताचं देऊळ. पावसाळ्यात नदी चढली की पाणी देवळातून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, तिथे स्नानाला गर्दी होते. दक्षिणद्वार सोहळा म्हणतात त्याला. चित्र होतं ऑगस्ट २०१९च्या महापुराचं, जेव्हा सोहळा वगैरे काही उरलं नव्हतं, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं रिकामी करावी लागली होती. एका सकाळी एक ड्रायव्हर ब्रुन मस्का खात बसला होता. खाता खाता थांबला आणि म्हणाला, "पाणी एवढंच नव्हतं. अजून वर होतं." तो कुरुंदवाडचा निघाला. चित्रकार समोरच बसला होता. दोघं तासभर बोलत बसले. कुठली भिंत आधी बुडाली, जनावरं कुठून काढली, होड्या कुठे लागल्या. चित्रकाराने त्याच्याच बिलामागे पाण्याची रेघ काढून घेतली. आता तो ते चित्र नव्याने करतो आहे. तो ड्रायव्हर दालनाची पायरी कधी चढला नसता, आणि चढला असता तरी तिथे त्याला बोलावंसं वाटलं नसतं.

मुंबईचे चित्रकार के. एच. आरा यांच्याविषयी तुम्हाला सांगायचं राहून गेलं. लहानपणी मुंबईत आलेला मुलगा, लोकांच्या घरी कामं करून, मोटारी धुऊन वाढला. पुढे १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह ग्रुप या कलावंतांच्या गटात होता. त्या आरांचं पहिलं एकल प्रदर्शन रॅम्पार्ट रोवरच्या 'चेतना' या उपाहारगृहात भरलं होतं. जहांगीर कलादालन उघडलं ते नंतर, १९५२ साली. आणि जहांगीरमध्येही १९६४ पासून २०१५ पर्यंत 'समोवार' हे उपाहारगृह होतं, तिथे चहाच्या कपावर किती चित्रकारांनी दिवस काढले! तेव्हा हॉटेलात चित्रं लावली म्हणून आम्हाला नाक मुरडणाऱ्यांनी जरा आपलाच इतिहास चाळावा.

कोल्हापुरात सांगतात की १९२२ साली शाहू महाराज गेले, तेव्हा आबालाल मास्तरांनी आपली असंख्य चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली. बघणारा गेला, आता ठेवायची कुणासाठी? लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आले, पण त्यातलं दुःख मला त्या "आणि इतर" पत्रिकेनंतर कळलं. चित्रकाराला पैसे लागतात, लागतातच. पण त्याही आधी कुणीतरी नीट बघणारं लागतं, आणि बघून "हे कुणी काढलं?" असं विचारणारं लागतं. यासाठी कलेचं शिक्षण लागत नाही. माणसाला माणूस म्हणून ओळखायची सवय लागते, आणि ती सवय अजून कितीतरी गल्ल्यांवर, दुकानांत, एसटीच्या केबिनमध्ये टिकून आहे. मोठ्या पाट्यांच्या इमारतींत ती विरळ होत चालली आहे, एवढंच माझं दुखणं.

आता दोन कामाच्या गोष्टी. पेंटरदादांनी पंचगंगा घाटाचं चित्र तुमच्याकडे मुद्दाम ठेवलं आहे. विसरून राहिलं असं समजून पार्सल करू नका, आणि किंमत विचारायला फोन तर मुळीच करू नका, ते रागावतील. ते चहाच्या बॉयलरपासून लांब लावा, वाफ काचेच्या आत शिरली की कागदाला बुरशी धरते. काच पुसताना पाणी फडक्यावर घ्यायचं, काचेवर मारायचं नाही. ऊन पडणारी भिंत टाळा, जलरंग उडतात. गल्ल्यामागची भिंत चांगली आहे असं दादांचं मत आहे, म्हणजे तुम्हाला मान वळवली की दिसेल.

आणि थंडीत गुऱ्हाळं लागली की घरच्यांना घेऊन या. राहायची सोय माझ्याकडे, जेवण दादांकडे.

तुमची,
फळ्यावर जिचं नाव तुम्ही दोनदा पुसून नीट लिहिलंत ती,
आणि आम्ही सगळे