धाकटे बंधू ही ओळख पुरे झाली

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तालवादक तौफिक कुरेशी यांच्याबद्दल वृत्तपत्रांत काही छापून आलं की 'उस्ताद अल्लारखाँ यांचे चिरंजीव आणि झाकीर हुसेन यांचे धाकटे बंधू' हे पहिल्या ओळीत येतंच. डिसेंबर २०२४मध्ये झाकीरभाई गेल्यापासून तर जास्तच. नातं खरं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढे जी जागा उरते ती 'फ्यूजन' आणि 'जेंबेची जादू' एवढ्यात संपते. या माणसाने नेमकं काय केलं, ते कुठेच वाचायला मिळत नाही. मी पोटापाण्यासाठी तबला शिकवतो, म्हणून मला ते सांगावंसं वाटतं.

जेंबे हे पश्चिम आफ्रिकेतलं, मुख्यतः माली आणि गिनी भागातलं वाद्य. एका ओंडक्यातून कोरलेलं खोड, वर बकऱ्याचं कातडं, दोऱ्यांनी ताणलेलं. मूळ आघात तीनच: मधोमध हात पडला की बेस, काठाजवळ टोन, आणि बोटं सैल सोडून मारलं की स्लॅप. आता यावर तबल्याचा 'धाधा तिरकिट धाधा तूना' हा बोल वाजवून पाहा. अडचण पहिल्याच अक्षराला येते. 'धा' काढायला आपल्याकडे दोन वाद्यं, उजव्या हाताला तबला आणि डाव्याला डग्गा. इथे पुडी, म्हणजे वाजवायचं कातडं, एकच. तबल्यावरचा शाईचा काळा गोल नाही, त्यामुळे आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, नाही. मनगट दाबून डग्ग्याच्या 'घे'ला मींड द्यावी, म्हणजे नाद वर-खाली सरकवावा, तर ती सोयही नाही. 'तिरकिट'ला सुटी बोटं लागतात, आणि जेंबेचे मूळ आघात सगळ्या हाताचे. कुरेशींनी या वाद्यासाठी बोटांचं स्वतःचं तंत्र बसवलं आणि तबल्याचे बोल त्यावर आणले. कायदा, रेला, तिहाई या तबल्यातल्या रचनांचं व्याकरण सांभाळून जेंबेवर एकल वादन करता येतं, हे आज आपल्याला सरावाचं वाटतं. ती वाट मुख्यतः त्यांनी पाडली.

ही वृत्ती घरातलीच म्हणायची. अल्लारखाँसाहेब पंजाब घराण्याचे थोर तबलावादक, पण ए. आर. कुरेशी या नावाने त्यांनी हिंदी चित्रपटांना संगीत दिलं, आणि १९६८मध्ये अमेरिकन जॅझ ड्रमर बडी रिच यांच्याबरोबर ध्वनिमुद्रिकाही केली. त्या घरात तालाला सोवळं-ओवळं नव्हतं. तौफिक यांचा जन्म १९६२चा, मुंबईतला. तबला वडिलांकडे शिकले, घटमवादक विक्कू विनायकराम यांचंही मार्गदर्शन घेतलं. मग स्वतःचा बँड, जिंगल्स, चित्रपटांची पार्श्वसंगीतं. तोंडाने, श्वासाने, छातीवर थापा मारून लय उभी करणं हाही त्यांच्या वादनाचा भाग. 'मुंबई स्टॅम्प' या त्यांच्या चमूत तर पिंपं आणि डबेच वाद्यं होतात.

त्यांचं सगळंच मला आवडतं असं नाही. अतिद्रुत लयीत जेंबेचे टोन एकमेकांत मिसळतात. तबल्याच्या चाटीवर, म्हणजे काठावर, वाजणाऱ्या 'ना'ची धार तिथे नाही ती नाहीच, आणि टाळ्या मात्र नेमक्या तिथेच पडतात. पण मैफलीत ते माइकवर आधी पढंत करतात, म्हणजे बोल तोंडाने म्हणतात, आणि मग तेच जेंबेवर काढून दाखवतात, तेव्हा माझ्यातला मास्तर सुखावतो. जे म्हणता येत नाही ते हातातून येत नाही, हे आम्ही वर्गात घसा कोरडा होईपर्यंत सांगत असतो.

शिकवण्याचा मुद्दा मला वादनाइतकाच मोठा वाटतो. कुरेशी मुंबईत जेंबे शिकवतात आणि त्यांचे चिरंजीव शिखर नाद हेही तेच वाद्य घेऊन मंचावर येतात. बोल बसले की परक्या वाद्याचाही पाठ तयार होतो, तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. नाहीतर आहेच, कंपन्यांच्या सहलीत तासभर जेंबे बडवून ताण घालवण्याचा कार्यक्रम! माझ्याकडे येणारे काही पालकही विचारतात, "तबल्याला वर्षं लागतात, जेंबे महिन्याभरात येईल ना?" त्यांना काय उत्तर द्यावं?

आणि आपल्या घरच्या वाद्यांचं काय? संबळ, हलगी, दिमडी, ताशा यांचे बोल जाणत्या वादकांच्या तोंडी आहेत. पण बाहेरच्या मुलाला शिकायचं तर अशा वादकाच्या शेजारी बसण्यावाचून फारसा मार्ग नाही. दरवर्षी गणपतीत एवढी पोरं ढोल-ताशा पथकांत सरावाला उभी राहतात, त्यातल्या किती जणांना आपण वाजवतोय ते म्हणून दाखवता येईल?

तेव्हा विनंती अशी, की आपल्या रविवारच्या पुरवणीत कुरेशींची एक सविस्तर मुलाखत घ्यावी आणि ती घ्यायला ताल समजणारं माणूस पाठवावं. झाकीरभाईंच्या आठवणी पुन्हा कधीतरी. मींड नसलेल्या वाद्यावर पेशकार, म्हणजे एकल वादनाची संथ सुरुवात, कसा मांडायचा, खालीला, म्हणजे तालातल्या बिनटाळीच्या जागी, बेस गाळला तर तो ऐकणाऱ्याला कळतो का, नवख्या मुलाला पहिल्या दिवशी काय देता, हे विचारावं. सोबत ताशा किंवा हलगी शिकवणाऱ्या एखाद्या जाणत्यालाही बसवलं तर फारच उत्तम.

आपला,
एक तबलाशिक्षक, डोंबिवली