व्हिरीचा इंजिन विभाग आणि वाळूजची टूलरूम

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अबुधाबीच्या शर्यतीने ७ डिसेंबर २०२५ रोजी फॉर्म्युला वनचा हंगाम संपला आणि आपल्या क्रीडा पानावर लँडो नॉरिसच्या विजेतेपदाचा वृत्तान्त सविस्तर आला. त्याच शर्यतीनंतर रेनोचे इंजिन या स्पर्धेतून बाहेर पडले, हे मात्र तळाच्या छोट्या चौकटीत, खर्च वाचवणारा शहाणपणाचा निर्णय म्हणून, चार ओळींत उरकण्यात आले. वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारे घडवणाऱ्या विभागात, मी २६ वर्षे काढली आहेत, आणि मला ती बातमी क्रीडा पानापेक्षा उद्योगाच्या पानावर शोभली असती असे वाटते.

पॅरिसच्या दक्षिणेला व्हिरी-शातियाँ येथे रेनोचा शर्यतीच्या इंजिनांचा कारखाना आहे. १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनला रेनोची गाडी दीड लिटरचे टर्बो इंजिन (बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर आत जास्त हवा कोंबणारे) घेऊन उतरली, तेव्हा प्रतिस्पर्धी तीन लिटरच्या बिनटर्बो इंजिनांवर धावत होते. ही गाडी इतक्या वेळा धूर सोडत थांबे की तिला ‘पिवळी किटली’ असे नाव पडले. १९७९ मध्ये दिजाँ येथे झाँ-पिएर जाबुईने टर्बोवर पहिला विजय मिळवला आणि पुढच्या काही वर्षांत हसणाऱ्यांनाही टर्बो बसवावा लागला. त्याहून मला भावते ती १९८६ ची गोष्ट. इंजिनाचे फेरे एका मर्यादेपलीकडे गेले की व्हॉल्व्ह मागे ओढणारी पोलादी स्प्रिंग त्या वेगाला पुरी पडत नाही, व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही आणि प्रसंगी पिस्टनवर आपटतो. व्हिरीच्या लोकांनी स्प्रिंगच काढून टाकली आणि तिच्या जागी दाबाखालचा वायू ठेवला. आज या स्पर्धेतल्या प्रत्येक इंजिनात हीच योजना आहे. विल्यम्स, बेनेटन, रेड बुल आणि खुद्द रेनो यांनी मिळून संघांची १२ विजेतेपदे याच इंजिनांवर मिळवली. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तिन्ही भारतीय ग्रां प्री सेबास्टियन व्हेटेलने जिंकल्या, त्याही रेनोच्याच इंजिनावर, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या लक्षात नाही.

यापूर्वीही रेनोने स्पर्धा सोडली होती. पण १९८६ अखेर बाहेर पडल्यावर व्हिरीत एक छोटा गट काम करत राहिला आणि १९८९ मध्ये नवे दहा सिलिंडरचे इंजिन घेऊन विल्यम्सबरोबर परतला. १९९७ नंतरही त्या इंजिनांची घडण दुसऱ्या फ्रेंच कंपनीच्या नावाने चालूच होती. ३० सप्टेंबर २०२४ च्या निर्णयाने मात्र शर्यतीच्या इंजिनाचे कामच मोडीत काढले. रेनोचाच अल्पाइन संघ २०२६ पासून मर्सिडीजचे इंजिन विकत घेणार आणि व्हिरीतल्या माणसांना दुसरी कामे देऊ केली जाणार, असे ठरले.

खंड पडला की काय मोजावे लागते, ते होंडाने दाखवले आहे. २००८ अखेर बाहेर पडलेली होंडा २०१५ मध्ये मॅक्लारेनबरोबर आली, तेव्हा तीन हंगामांत एकदाही पहिल्या तिघांत येऊ शकली नाही; पहिला विजय मिळायला २०१९ उजाडले. ऑक्टोबर २०२० मध्ये होंडाने पुन्हा माघार जाहीर केली, पण या वेळी जपानमधल्या साकुरा येथील त्यांचे लोक रेड बुलसाठी तीच इंजिने बांधत राहिले. २०२६ साठी ॲस्टन मार्टिनबरोबर येण्याची घोषणा मे २०२३ मध्येच करता आली, त्याचे कारण माझ्या मते यातच आहे.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. आमच्या व्यवस्थापनानेही हिशेब मांडून टूलरूम बंद केली. डाय, म्हणजे सुटे भाग घडवण्याचे पोलादी साचे, बाहेरून स्वस्त पडत होत्या आणि कागदावर तो हिशेब चूक नव्हता. दीडेक वर्षाने एका चालू ऑर्डरची डाय तडकली. पुरवठादाराने सहा आठवड्यांची मुदत सांगितली, तेव्हा आमच्या जुन्या फोरमनना, ज्यांना सगळे मामा म्हणत, आणायला पैठणला गाडी पाठवली गेली. मामा आले, डायवरून अंगठ्याचे नख फिरवले, तडा कुठून सुरू झाला ते खडूने दाखवले आणि विचारले, “अहो साहेब, सरफेस ग्राइंडर तर तुम्ही विकून टाकला, आता हे मी घासू कशावर?” त्यावर कुणी बोलले नाही. मामांनी चहा घेतला आणि ते संध्याकाळच्या एसटीने परत गेले.

इंजिन बाहेरून घेऊनही जिंकता येते, असे रेनोच्या निर्णयाच्या बाजूने कुणी म्हणेल. मर्सिडीजचे इंजिन विकत घेणाऱ्या मॅक्लारेनने २०२४ आणि २०२५ मध्ये संघांचे विजेतेपद मिळवले, हा मुद्दा बिनतोड आहे, आणि २०२१ पासून रेनोचे इंजिन अल्पाइनच्या दोनच गाड्यांत होते, तर मर्सिडीजच्या इंजिनाची परीक्षा दर शर्यतीत आठ गाड्यांत होत होती, हेही खरे. इतक्या कमी नगांवर दोष शोधणे किती अवघड असते, हे टूलरूमच्या माणसाला वेगळे सांगायला नको. तरीही मॅक्लारेन हा मुळात शर्यतीचा संघ आहे, इंजिन बांधणे हा त्याचा धंदा कधीच नव्हता. रेनो रस्त्यावरच्या मोटारी बनवणारी कंपनी आहे, आणि २०२६ च्या नियमांत इंजिनाची जवळपास निम्मी शक्ती विजेतून यायची असताना तिने हे काम दुसऱ्याकडे सोपवावे, हे मला पटत नाही. बिडकीनला विजेच्या गाड्यांचे कारखाने येऊ घातले असताना हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचाही नाही.

२०२६ चा नवा हंगाम मार्चमध्ये मेलबर्नहून सुरू होईल. आपल्या क्रीडा प्रतिनिधींना विनंती आहे की त्यांनी निकालाच्या तक्त्यात संघाच्या नावापुढे इंजिन कोणाचे तेही छापावे, आणि अल्पाइनचे गुण वाढलेच तर त्याच बातमीत व्हिरीतल्या माणसांचे काय झाले, याची चौकशी करून दोन ओळी लिहाव्यात.

आपला,
एक निवृत्त टूलमेकर
बजाजनगर, वाळूज, छत्रपती संभाजीनगर