सूचना : गणेशखिंड परिसरातील फेब्रुवारीअखेरचे कार्यक्रम

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, २७ फेब्रुवारी रोजी कुसुमाग्रजांच्या जयंतीनिमित्त साजरा होणारा मराठी भाषा गौरव दिन आणि २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन लागोपाठ येत असल्याने, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील व्याख्याने व कार्यक्रमांसाठी आपण आताच वेळ राखून ठेवावा. ललित कला केंद्रातील विद्यार्थ्यांचा प्रयोग असल्यास तो चुकवू नये, कारण शिकत्या नटाला जाणत्या प्रेक्षकाची फार गरज असते. विज्ञान दिनी याच आवारातील आयुका ही खगोलशास्त्र संशोधन संस्था सर्वांसाठी खुली ठेवण्याची प्रथा आहे. घरातील शाळकरी मुलांना अवश्य सोबत न्यावे, आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइनस्टाइन यांचे तेथील पुतळे दाखवावेत आणि शास्त्रज्ञांना मनसोक्त प्रश्न विचारू द्यावेत. निघण्यापूर्वी वेळांची खातरजमा करावी.