बोटीवरून पत्र

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

आई, 'किती दिवस पाण्यावर राहणार?' असं तू विचारलंस, तेव्हा फोनवर धड सांगता आलं नाही. म्हणून लिहिते. आम्ही दोघांनी ठरवलंय, इंग्लंडात आहोत तोवर घर घ्यायचं नाही, याच बोटीवर राहायचं. पैशांची अडचण नाही. आम्हाला हे जगणं मनापासून आवडतं आणि ते तुम्हाला नीट कळावं असं वाटतं.

बोट ५७ फूट लांब आहे, पण रुंदीला ७ फुटांहून किंचित कमी. इथल्या बऱ्याच जुन्या कालव्यांवरची लॉक (बोटीला वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दरवाजे लावलेले हौद) ७ फुटीच बांधली, म्हणून बोटीही तेवढ्याच. थंडीची काळजी करू नकोस. लोखंडी शेगडीत रात्री कोळसा भरून हवा कमी केली की सकाळी उठेपर्यंत ऊब असते. विषारी वायूचा अलार्म लावलेला आहे, तो नियमानेच लावावा लागतो. पाण्याची टाकी काठावरच्या नळावर भरतो. संडासाची टाकी ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करावी लागते, ते काम तुझे जावई करतात. डॉक्टरकडे नाव घातलंय, त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागत नाही. आमचा कायमचा धक्का नाही, त्यामुळे एका जागी १४ दिवसांहून जास्त थांबायचं नाही, असा १९९५ चा कायदा आहे. तुला हे भटकणं वाटतं, पण मला त्यातच सुख आहे. ताशी ४ मैल ही वेगाची मर्यादा. दर लॉकपाशी कुणीतरी अनोळखी माणूस न सांगता दरवाजा ढकलायला पुढे येतो. एवढी माणसं मला फ्लॅटमध्ये कधी भेटली नव्हती.

बाबा, तुम्ही नोकरीभर नीरा उजव्या कालव्यावर पाणी सोडलंत, म्हणून आता तुमच्यासाठी. सध्या आम्ही लँगॉलेन कालव्यावर आहोत. लॉकचे दोन लाकडी दरवाजे वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात आणि पाण्याचा दाबच ते घट्ट धरून ठेवतो. आपण हॅन्डलने फक्त झडप उचलायची. पाणी भरलं की बोट आपोआप वर येते. पंप नाही, मोटार नाही. दोन्हीकडची पातळी तंतोतंत एक होईपर्यंत दरवाजा जागचा हलत नाही. ती झाली की मी एकटी पाठ लावून तो उघडते.

हा कालवा चक्क वाहतो. डी नदीवर टेलफर्ड या इंजिनियरने बांधलेल्या बंधाऱ्यातून त्यात पाणी येतं आणि ते पुढे हर्लस्टनच्या जलाशयात जातं. १९४४ मध्ये बोटींसाठी हा कालवा कायद्याने बंद झाला होता, पण पाणी पुरवायचं असल्यामुळे बुजवला गेला नाही. पाणी सोडणाऱ्यांनी एक कालवा वाचवला, हे वाचलं तेव्हा मला तुमचीच आठवण आली. चर्कच्या बोगद्यात शिरलं की समोरून येणारा ओघ इंजिनाला जाणवतो.

आणि पाँटकसिल्टेचा जलसेतू तुम्हाला दाखवायचाच आहे. १८०५ चं काम, टेलफर्ड आणि जेसप यांचं. दगडी खांबांवर १८ गाळे, सुमारे १००० फूट लांब लोखंडी नळी, वरून उघडी, तिच्यातूनच बोट जाते, डी नदीपासून १२६ फूट उंच. एका बाजूला पायवाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. त्या बाजूच्या खिडकीत उभी राहिले तर काठ दिसतच नाही, थेट खाली झाडांचे शेंडे आणि नदीतले खडक. पहिल्यांदा मी ओट्याला घट्ट धरून होते. दर काही वर्षांनी मधलं बूच काढून सगळं पाणी खाली नदीत सोडतात आणि लोखंड तपासतात. एवढं जुनं काम अजून रोज वापरात आहे, ते तुम्ही स्वतः हात लावून बघावं असं फार वाटतं.

तर मे महिन्यात या. तेव्हा काठाच्या कुंपणांवर पांढरा फुलोरा असतो आणि रात्री नऊपर्यंत उजेड. आई, आत उतरायला दोन-तीनच पायऱ्या आहेत, धरायला दांडा आहे. गुडघ्यांना त्रास होऊ नये म्हणून पलंगही उंच करून घेतोय. बाबा, व्हिसासाठी पेन्शनची कागदपत्रं आणि बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढून ठेवा, अर्ज मी इथून भरते. तारखा ठरल्या की लगेच कळवा. चर्कचं रेल्वे स्टेशन कालव्याला लागूनच आहे, बोट तिथेच आणून ठेवू.

तुमची लेक