माननीय परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र : आसियानच्या दारात चीनने काय कमावले, काय गमावले

माननीय महोदय,
सविनय नमस्कार.

सांगलीत मी बरीच वर्षे राज्यशास्त्र शिकवले. विद्यार्थी बहुतेक हळद, द्राक्षे आणि दुभत्या जनावरांवर चालणाऱ्या घरांतले, त्यामुळे आग्नेय आशियाचा धडा सुरू झाला की चर्चा हमखास मार्केट यार्डापर्यंत येई. त्याच अनुभवाच्या बळावर हे लिहितो आहे.

१९९१ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री क्वालालंपूरला आसियानच्या, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या गटाच्या, बैठकीत पाहुणे म्हणून बसले, तेव्हा त्या देशांच्या मनात चीनविषयी संशयच अधिक होता. तो पुढच्या दशकात निवळला, कारण १९९७ च्या आर्थिक संकटात शेजाऱ्यांची चलने कोसळत असताना चीनने युआनचे अवमूल्यन टाळले, २००२ मध्ये, ज्यावर चीन आणि काही आसियान देश दोघेही हक्क सांगतात त्या दक्षिण चीन समुद्रातील वर्तनाच्या घोषणापत्रावर सही केली आणि मुक्त व्यापार पूर्णपणे लागू होण्याच्या कितीतरी आधी, २००४ पासूनच, शेतमालावरील आयात शुल्क उतरवायला सुरुवात केली. आधी देऊन मग मागण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

पुढे सूर बदलला. २०१२ मध्ये नॉम पेन्हच्या बैठकीत दक्षिण चीन समुद्राच्या वादावरून आसियानच्या परराष्ट्रमंत्र्यांना ४५ वर्षांत प्रथमच संयुक्त निवेदन काढता आले नाही आणि याच समुद्राबाबतचा २०१६ चा आंतरराष्ट्रीय लवादाचा निवाडा चीनने झिडकारला. सगळ्या गटाशी एकत्र बोलण्याऐवजी एकेकाला स्वतंत्रपणे गाठणे चीनला सोयीचे वाटू लागले. व्यापार वाढतच राहिला, पण विश्वास तसा वाढला नाही.

भारताने २००३ मध्ये बालीत, चीनबरोबरच, आसियानच्या मैत्री करारात प्रवेश केला होता. २०१९ मध्ये आपण आरसेप या आसियान देश आणि चीन यांचा समावेश असलेल्या मोठ्या व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडलो, तेव्हा आमच्या भागातील दूध उत्पादकांची स्वस्त आयातीची भीती खरी होती आणि तो निर्णय मला आजही चुकीचा वाटत नाही. मात्र बाहेर पडल्यावर त्या देशांशी बोलण्याची जागा आपण दुसरीकडे पुरेशी उभी केली नाही, ही माझी तक्रार आहे. आसियानबरोबर २०१० पासून लागू असलेल्या वस्तू व्यापार कराराचा फेरआढावा घेण्याचे ठरले आहे, तीच ती जागा होऊ शकते.

म्हणून विनंती अशी की, वाणिज्य मंत्रालयाला सोबत घेऊन आपण या वाटाघाटींत स्वतः लक्ष घालावे, सवलती ठरण्यापूर्वी सांगलीसारख्या जिल्ह्यांत येऊन शेतकऱ्यांचे आणि अडत्यांचे म्हणणे ऐकावे, आणि आसियानमधील लहानातील लहान देशालाही आपण पूर्ण गटाशीच बोलतो आहोत, याची खात्री पटू द्यावी.

कळावे,
आपला नम्र,
सांगलीतील एक निवृत्त प्राध्यापक